अंड्याविना शाही नक्षी

पुण्याच्या केक-कलाकार प्राची धबल देब मूळच्या डेहराडूनच्या. वित्तक्षेत्रातील नोकरी सोडून त्या या कलेकडे वळल्या व इंग्लंडमध्ये एडी स्पेन्स यांच्याकडे रॉयल आयसिंग शिकल्या. बारीक नळीतून साखरेच्या जाळ्या, महिरपी, कळस उभारण्याची ही विद्या. तिची बळकटी मात्र अंड्याच्या पांढऱ्या बलकातून येते. भारतात नेमके तेच आडवे आले. शाकाहारी घरच्या मंगलप्रसंगी असा केक जाणार कसा? पिठीसाखर नुसत्या पाण्यात कालवली तर नाजूक नक्षी उचलताच तुटते. त्यांनी कला सोडली नाही, मिश्रण बदलले. एका भारतीय कंपनीच्या साह्याने अंडेविरहित रॉयल आयसिंग सिद्ध केले. त्यातूनच मिलान कॅथेड्रलची सुमारे १०० किलोंची प्रतिकृती घडली. २०२२ मध्ये लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सने त्यांच्या कामाची नोंद केली.

श्रावकांच्या घरी केक मागविताना मात्र ‘एगलेस’ या एका शब्दावर विसंबणे पुरेसे नाही. सजावटीच्या फॉन्डंटमध्ये कधी जिलेटिन असते, तर लाल रंगात कीटकांपासून काढलेले कारमाइन. घटकसूचीत ते बहुधा १२० या क्रमांकाने येते. मागणी नोंदवितानाच कारागिराकडून दोन्हींची खातरजमा करून घ्यावी.