खुर्ची दोघांची, भोग साऱ्या गावाचे

तालुक्याच्या गावी नगरपरिषदेच्या इमारतीत दोन दालने असतात. एकाच्या दारावर नगराध्यक्षांची पाटी, दुसऱ्याच्या दारावर मुख्याधिकाऱ्यांची. दोन्ही दारांमधले अंतर जेमतेम दहा पावलांचे. परंतु कित्येक गावांत ते ओलांडायला एक कार्यकाळही पुरत नाही. एकीकडून तोंडी फर्मान सुटते, दुसरीकडून त्यावर प्रतिकूल शेरा पडतो आणि मधल्या बोळात पाणीपुरवठा विभागाचा लिपिक फाईल छातीशी धरून उभा राहतो. एकाचे ऐकावे तर दुसरा 'कारणे दाखवा' नोटीस काढतो. दुसऱ्याचे ऐकावे तर पहिला भर सभेत पाणउतारा करतो. भांडण दोन वरिष्ठांचे, शिक्षा मात्र कनिष्ठाला, असा हा उफराटा न्याय आहे.

डिसेंबर 2025 मध्ये राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि नगराध्यक्ष थेट जनतेच्या मतांनी निवडून आले. त्यापूर्वी कित्येक वर्षे बहुतेक ठिकाणी प्रशासकीय राजवट होती. सभेला उत्तर देण्याची सवय मोडलेले प्रशासन आणि साऱ्या गावाचा कौल घेऊन आलेला लोकप्रतिनिधी आता एका छपराखाली आले आहेत. ठिणगी पडण्यास एवढे पुरेसे आहे.

या पदाबाबत राज्यकर्त्यांनीही स्थैर्य दाखविलेले नाही. थेट निवड 2001 साली आली, 2006 साली गेली, 2016 साली परतली, 2020 साली पुन्हा रद्द झाली आणि 2022 साली पुन्हा अवतरली. निवडीची पद्धत इतक्या वेळा बदलली. पण निवडून आल्यानंतर जाब कोणी, कोणाला आणि कसा द्यायचा, या प्रश्नाकडे तेवढ्या आस्थेने कोणी पाहिले नाही.

वास्तविक कायदा मुका नाही. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमात धोरण ठरविणे सभेकडे आणि अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याकडे, अशी कामाची विभागणी आहे. ठराव बेकायदेशीर वा लोकहितविरोधी असेल तर कलम 308 अन्वये जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी तहकूब करू शकतात. नगराध्यक्षाचे गैरवर्तन सिद्ध झाल्यास कलम 55-अ अन्वये राज्य शासन त्याला पदावरून दूर करू शकते. शासकीय बदल्या व विलंब यांसंबंधीच्या 2005 च्या कायद्याने अधिकाऱ्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कार्यकाळ दिला आहे आणि कोणतीही फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये, असा दंडकही घातला आहे. औषध घरात आहे. फडताळ उघडण्याची इच्छा नाही.

दोन्ही बाजूंचे म्हणणे अगदीच निराधार नसते. लोकप्रतिनिधी म्हणतो, ''अधिकारी तीन वर्षांचा पाहुणा. नळ कोरडा पडला की लोक रात्री दार माझे ठोठावतात.'' अधिकारी म्हणतो, ''सही माझी, लेखापरीक्षणाचा आक्षेपही माझ्याच माथी.'' दोन्ही खरे आहे. खोटे आहे ते एवढेच की, दोघेही अधिकाराची वाटणी मागतात आणि उत्तरदायित्वाची वाटणी आली की दुसऱ्याकडे बोट दाखवितात. मग एकजण शासकीय कामात अडथळा आणल्याची फिर्याद घेऊन ठाण्यात जातो, दुसरा बदलीची शिफारस घेऊन मुंबईला जातो आणि गावाची गटारे तुंबलेलीच राहतात.

या संदर्भात सरदार वल्लभभाई पटेलांचे स्मरण उपयुक्त ठरेल. देशाचे गृहमंत्री होण्याच्या कितीतरी आधी, 1924 ते 1928 या काळात, ते अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. त्याआधी नगरसेवक म्हणून त्यांनी उद्दाम इंग्रज आयुक्ताशी झुंज दिली, ती नियमांच्या आणि पुराव्यांच्या बळावर. 1927 च्या अतिवृष्टीत अध्यक्षांनी कचेरीत बसून खुलासे मागविले नाहीत; ते स्वतः भर पावसात शहरात फिरले. हेच सरदार 10 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेत सनदी सेवकांच्या बाजूने खंबीरपणे उभे राहिले. आपल्या मताविरुद्ध टिपण लिहिण्याची मुभा आपण आपल्या सचिवांना दिली आहे, असे त्यांनी तेथे सांगितले. अधिकाऱ्याशी झुंजणारा आणि अधिकाऱ्याला निर्भय करणारा माणूस एकच होता, कारण दोन्ही वेळी त्याच्यासमोर स्वतःचा मान नव्हता, काम होते.

सर्वांत अवघड कसोटी पुढेच आहे. विरोधकाने अधिकाऱ्याला शिवीगाळ केली की आपल्याला लोकशाहीची आठवण होते. तेच वर्तन आपल्या विचारांच्या, आपण दारोदार फिरून निवडून आणलेल्या माणसाकडून घडले की, ''कामाचा माणूस आहे, स्वभाव जरा तापट आहे,'' अशी सारवासारव सुरू होते. येथेच कार्यकर्त्याचा कस लागतो. प्रचाराची पत्रके ज्याने वाटली, त्यालाच चार भिंतींत जाऊन ''हे चुकले'' असे सांगण्याचा पहिला अधिकार आहे आणि ते त्याचे कर्तव्यही आहे. तो गप्प बसला तर भोग त्या लिपिकाला, पहाटे हजेरीला उभ्या राहणाऱ्या सफाई कामगाराला आणि वरिष्ठांच्या दोन गटांत भरडल्या जाणाऱ्या महिला कर्मचाऱ्याला भोगावे लागतात. त्यांच्यासाठी ना मोर्चा निघतो, ना पत्रकार परिषद होते.

उपाय साधे आहेत. तोंडी आदेश बंद व्हावेत. ज्याला हुकूम सोडायचा आहे त्याने तो सहीनिशी लेखी द्यावा. फाईल कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे, ते फलकावर लागावे. मुदतपूर्व बदलीची कारणे कायद्याप्रमाणे नोंदविली जावीत आणि ती नागरिकांना पाहता यावीत. महिन्यातून एकदा नगराध्यक्ष व मुख्याधिकारी यांनी एकत्र बसून लोकांच्या तक्रारी ऐकाव्यात. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही, की निधी लागत नाही.

खुर्चीचा मान खुर्चीवर बसल्याने मिळतो. माणसाचा मान मात्र चूक झाल्यावर ''ही जबाबदारी माझी'' असे म्हणण्याने मिळतो. नव्या नगराध्यक्षांनी आणि त्यांच्या समोरच्या दालनातील अधिकाऱ्यांनी ती दहा पावले चालण्यास प्रारंभ करावा. आधी कोण उठला, याचा हिशेब गाव ठेवणार नाही. नळाला पाणी आले की नाही, याचा मात्र नक्की ठेवील.