‘हॅव यू नॉट?’ आणि आपलं ‘येस’

परवा पुन्हा तेच. रात्रीचा कॉल, रिलीज तोंडावर. पलीकडून साहेबांनी विचारलं, "हॅव यू नॉट टेकन द बॅकअप?" आमच्या टीममधला नवा मुलगा म्हणाला, "येस." त्याच्या मनात : हो, नाही घेतलाय. साहेबांनी ऐकलं : घेतलाय. पुढचे आठ तास टेबलं परत उभी करण्यात गेले, आणि सकाळी मेल आला की टीमने इंग्रजी सुधारावं. डोकंच फिरलं!

अहो, मुलाचं काय चुकलं? "जेवला नाहीस का?" या प्रश्नाला "हो, नाही जेवलो" हे मराठीत अगदी सरळ उत्तर आहे. ("नाही, नाही जेवलो"सुद्धा चालतं, मान्य.) आपला ‘हो’ समोरच्याच्या बोलण्याला असतो. जपानी लोकांचंही तसंच. इंग्रजीचा ‘येस’ मात्र घडलेल्या गोष्टीला असतो. जेवलो तर येस, नाही जेवलो तर नो, मग प्रश्नात ‘नॉट’ असो की नसो.

गंमत म्हणजे इंग्रजीकडे यावर एकेकाळी चांगली सोय होती. साध्या प्रश्नाला ‘ये’ आणि ‘ने’, नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ आणि ‘नो’. म्हणजे ‘येस’ हा शब्द खास "नाही कसं, घेतलाय की!" म्हणायला राखून ठेवलेला. फ्रेंचांचा ‘सी’ आणि जर्मनांचा ‘डोख’ आजही हेच काम करतात. १५३२ साली टॉमस मोरने टिंडेलच्या बायबल भाषांतरावर तोंडसुख घेतलं, कारण टिंडेलने ‘ने’च्या जागी ‘नो’ लिहिलं होतं. आणि हा नियम समजावताना खुद्द मोरच उलटसुलट लिहून बसला! त्याला कोणी मेल पाठवला नाही.

पुढे इंग्रजांनी दोन शब्द मोडीत काढले, आणि उरलेल्या दोनांचा घोळ निस्तरायचा आपण. तोही ‘हॅव यू नॉट’ असल्या करड्या, हेडमास्तरी थाटाच्या प्रश्नावर. ‘हॅवन्ट यू’ म्हटलं तर निदान कळतं की समोरच्याला ‘घेतलाय’ हेच ऐकायचंय. दोन पर्यायांच्या उत्तरावर डेटाबेस टांगायचा असेल तर प्रश्न नीट विचारणं ही विचारणाऱ्याची जबाबदारी. ‘डू नॉट सेव्ह?’ असं लिहून खाली येस-नोची बटणं ठेवणाऱ्याला आपण रिव्ह्यूमध्ये सोडतो का?

रिलीजच्या चेकलिस्टमध्ये मी आता "बॅकअप घेतला का? कुठे ठेवला?" एवढंच ठेवलंय. साहेब अजून ‘हॅव यू नॉट’च म्हणतात. आमचा मुलगा येस-नो काहीच न म्हणता फाइलचा पाथ वाचून दाखवतो.