इंजिनाचं पासबुक

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला एक छोटं यंत्र जोडतो, ‘सेन्सर गेलाय’ म्हणतो, दिवा विझवतो आणि बिल हातात ठेवतो. यंत्रावर काय उमटलं, हे आपण विचारत नाही. बँकेत हयात घालवल्यामुळे मला ही गोष्ट फार खटकते. खातं माझं, मग उतारा मला का नको?

कारण नोंद असते, आणि चोख असते. आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, गिअर यांचे वेगवेगळे संगणक पीळ दिलेल्या दोन तारांनी जोडलेले असतात. ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडली. तिच्यात निरोप कुणा एकाच्या नावे नसतो. इंजिनाचा संगणक ‘फेरे इतके, तापमान इतकं’ असं तारेवर सांगून मोकळा होतो. ज्याला गरज असेल तो ऐकतो. दोघे एकदम बोलू लागले, तर लहान क्रमांकाचा निरोप आधी जातो, दुसरा मुकाट्याने थांबतो. (आमच्या काउंटरवर ही शिस्त कधी दिसली नाही.)

बिघाड आढळला की संगणक एक कोड लिहून ठेवतो आणि त्या क्षणीचा वेग, फेरे, तापमानही जपतो. ते वाचण्यासाठी स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला सोळा पिनांचं सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ही पद्धत सक्तीची झाली, ती मुख्यतः धुरावर नजर ठेवण्यासाठी.

पण कोड म्हणजे निदान नव्हे. ‘पी०१७१’ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. (त्याच्या वर्णनात ‘बँक १’ असे शब्द येतात; ही बँक सिलिंडरांच्या रांगेची!) कारण फाटलेली हवेची नळी असेल, मळलेला सेन्सर असेल किंवा दमलेला पंप. चेक ‘रेफर टु ड्रॉअर’ शेरा घेऊन परत यावा, तसंच हे. शेऱ्यावरून नेमकं काय झालं ते कळत नाही, खातं उघडून पाहावं लागतं. इथे मात्र शेरा वाचून थेट सेन्सर बदलला जातो. शिवाय कोड पुसला, की त्या क्षणाची नोंदही जाते.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीची माहिती मिळण्याच्या बाजूने कौल दिला, आणि २०२० मध्ये गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीसाठीही. माझी मागणी त्याहून साधी आहे. कोड पुसण्याआधी त्याचा आणि त्या क्षणाच्या नोंदीचा छापील कागद बिलाला जोडावा. आपणही तो मागून घ्यावा, आणि दुसऱ्या मिस्त्रीला दाखवायला जपून ठेवावा.