शिट्टी वाजवून काय मिळतं?

मला शिट्टी वाजवता येते. ओठांचा चंबू करून गाणं वाजवतात ती नव्हे. ती निम्म्या जगाला येते. मला येते ती दोन बोटं तोंडात घालून वाजवायची, पूर्वी थेटरात पिटातली मंडळी मारायची ती, शेजारच्याने कानावर हात ठेवावेत अशी. वय वर्षं ५४. गेल्या जूनमध्ये जमली. त्याआधी येत नव्हती.

आता यात लिहिण्यासारखं काय आहे? काहीच नाही. पण ही बातमी मी ज्यांना ज्यांना आनंदाने सांगितली, त्यातल्या बहुतेकांनी मला एकच प्रश्न विचारला. "बरं, पण त्याचा उपयोग काय?" ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारला, नणंदेने फोनवर विचारला, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर लिफ्टमध्ये विचारला. तेव्हापासून डोक्यात जे साठलंय ते आज बाहेर काढतेय.

तर आधी झालं काय ते सांगते.

आम्ही दोघं संध्याकाळी मांडवीला फिरायला जातो. रत्नागिरीकराला वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. मांडवीची वाळू काळी आहे. ओल्या पायांना चिकटली की घरापर्यंत सोबत येते. जेट्टीवर उभं राहिलं की उजवीकडे रत्नदुर्ग आणि त्याचा दीपगृहाचा डोंगर, डावीकडे खाडीपलीकडे भाट्याचा किनारा. वारा असा की समोरच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. आमचे हे नेहमीप्रमाणे माझ्यापुढे पन्नास पावलं. मी हाका मारतेय, "अहो! अहो थांबा!" आणि माझा आवाज वारा उलटा माझ्याच तोंडावर आणून टाकतोय.

तिथे एक भेळेची गाडी लागते. गाडीवाल्याचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा सुट्टीत बापाला मदत करायचा. तो माझी फजिती बघत होता. म्हणाला, "काकी, हाक नाय पोचायची. शिट्टी मारा." आणि स्वतः दोन बोटं तोंडात घालून अशी सणसणीत मारली की आमचे हेच काय, खाली वाळूत क्रिकेट खेळणारी अख्खी टीम वळून बघायला लागली.

मी म्हटलं, "मला येत नाही रे."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मला घड्याळ कळत नाही. मग म्हणाला, "शिकवू?"

पाच आठवडे लागले. कृती अशी. ओठ दातांवरून आत वळवायचे, बोळक्या आजीसारखे. दोन बोटांच्या टोकांनी जीभ मागे दुमडायची. बोटांच्या बाजूने हवा जाऊ द्यायची नाही. आणि मग खालच्या ओठाच्या कडेवर फुंकर मारायची. माझी समजूत होती की आवाज बोटांतून येतो. साफ चूक. बोटं फक्त जीभ आणि ओठ जागच्या जागी धरून ठेवतात. आवाज होतो तो ओठाच्या कडेवर हवा आपटून, आणि तो मोठा होतो तोंडातल्या पोकळीमुळे. पण हे ज्ञान झाल्याने शिट्टी येत नाही! येते ती थुंकी. पहिले दोन आठवडे नुसती थुंकी आणि फुस्स. वर चक्कर. सारखं जोरजोरात फुंकलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि डोकं हलकं होतं, त्यामुळे दहा वेळा फुंकलं की बसावं लागायचं. घरी बाथरूममध्ये सराव करायचे. यांना दोन दिवस वाटलं नळ लीक झालाय.

जूनचा पहिला आठवडा होता. मासेमारीची बंदी सुरू झालेली, होड्या वर ओढून ठेवलेल्या, आभाळ भरून आलेलं पण पाऊस यायचा होता. नेहमीसारखी फुंकर मारली आणि अर्धा सेकंद, फार तर अर्धाच, ती वाजली. एक कुत्रा दचकून उठला. मुलगा गाडीमागून ओरडला, "आली! काकी, आली!" आणि मी त्या जेट्टीवर, चारचौघांत, चक्क उडी मारली. प्रमोशन झालं तेव्हा मारली नव्हती.

आता 'उपयोग काय'वाल्यांकडे वळू.

उपयोगच हवा असेल तर देते की. कॅनरी बेटांमधल्या ला गोमेरा नावाच्या डोंगराळ बेटावर लोक दऱ्यांच्या आरपार शिट्टीने अख्खी वाक्यं बोलतात. युनेस्कोने २००९ मध्ये ही शिट्टीभाषा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली आणि तिथल्या शाळांत मुलांना ती शिकवतात. इतकं लांब कशाला, आपल्या मेघालयात काँगथाँग नावाचं गाव आहे, तिथे आई आपल्या बाळासाठी एक धून रचते आणि रानात हाक मारताना ती धूनच त्याचं नाव होते. झालं समाधान? पण मी काही ला गोमेरात राहत नाही. माझा नवरा आता मोबाइल घेऊन फिरतो. मला या शिट्टीचा उपयोग शून्य आहे, आणि तरीही ती येते याचा मला रोज आनंद होतो. माझं म्हणणं एवढंच आहे.

दुसरा गट जास्त धोकादायक. हे लोक गोड बोलतात. "अगं वा, छान! फुप्फुसांना चांगला व्यायाम." "नवीन काही शिकलं की मेंदू तरतरीत राहतो हं." म्हणजे आनंद झाला हे पुरत नाही, त्याला डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडायचं. पहिल्या पावसात भिजायचं तर ताण कमी होतो म्हणून, हसायचं तर रक्तदाब उतरतो म्हणून. फणसाच्या आठळ्या चुलीत भाजून खाताना त्यांतलं प्रोटीन मोजणारा गृहस्थ मी पाहिलाय. त्या आठळ्या खाऊन त्याला काय मिळालं असेल ते मिळो, पण आठळ्या नक्की नाही मिळाल्या.

आणि हे आपण मुलांना शिकवतो, हे खरं दुखणं. पोहता येतं? मग स्पर्धेत घाला. चित्र काढतो? ग्रेडच्या परीक्षांना बसवा. कान हलवता येतात, जिभेचं टोक नाकाला लागतं, चपटा दगड पाण्यावर पाच उड्या मारत जाईल असा फेकता येतो... यांची परीक्षा नसते, म्हणून ही 'येत असलेल्या गोष्टीं'च्या यादीतच येत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला बायोडाटामध्ये छंद लिहायचा होता. तासभर विचार करून तिने 'वाचन' लिहिलं. ती वाचत नाही. तिला कोंबड्याचा आवाज इतका हुबेहूब काढता येतो की खरा कोंबडा उत्तर देतो. पण ते कसं लिहिणार?

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी मानते. "हे सगळं पोट भरलेल्यांचं. ज्याला उद्याची भ्रांत आहे तो शिट्ट्या शिकत बसेल का?" रात्री झोप लागेना इतका मी यावर विचार केला. पण मग आठवलं, मला शिकवलं कोणी? भेळेच्या गाडीवर राबणाऱ्या पोराने. कोकणात ज्या काळी घरोघरी मनिऑर्डरीची वाट बघत दिवस काढले जायचे, त्याच काळात पोरं पावसात रुजलेला आंब्याचा बाठा दगडावर घासून त्याची पिपाणी करत होती. चिंचोके, सागरगोटे, भोवरे, करवंटीचा फोन. दमडी लागत नाही अशा या सगळ्या करामती दमडी नसलेल्यांनीच शोधल्यात. 'उपयोग काय' हा प्रश्न मला आजवर विचारला तो सगळा पोट भरलेल्यांनी. गाडीवरच्या मुलाने नाही विचारला. त्याने "शिकवू?" विचारलं.

राहिला तिसरा गट. "बाईमाणसाने शिट्टी मारायची म्हणजे..." वाक्य पूर्ण कोणी करत नाही. लहानपणी आम्हाला सांगायचे, रात्री शिट्टी वाजवली की साप येतो. सापाला बाहेरचे कान नसतात. त्याला जमिनीची कंपनं कळतात आणि खालच्या पट्टीतले आवाज, शिट्टी त्याच्या फार वर. पण गंमत बघा, माझा भाऊ अंगणात बसून शिट्टी वाजवायचा तेव्हा साप येत नसे. मी वाजवली की यायचा. आमच्या घरात बायकांच्या वतीने शिट्टी वाजवायचा अधिकार फक्त कुकरला होता, आणि तीसुद्धा मोजून तीन.

तर हे सगळं घेऊन मी आईकडे गेले. आई ८१ वर्षांची. म्हटलं, तीही ओरडणार, ओरडून घेऊ. परड्यात बसली होती. मी सांगितलं, "आई, मला बोटांनी शिट्टी वाजवता यायला लागली."

तिने मान वर केली आणि विचारलं, "दोन बोटांची की चार?"

मी बघतच राहिले.

"मी चार बोटांची वाजवायची गो," ती म्हणाली. "दादा खाडीवर गेला की जेवायला बोलवायला. आमच्या दारातून थेट खाडीपर्यंत जायची." मग लग्न होऊन इकडे आली. कोणी रागावलंही नाही म्हणे. फक्त एकदा माझ्या आजीने नुसतं बघितलं. त्यानंतर साठ वर्षांत तिने एकदाही वाजवली नाही. मी तिची मुलगी, ५४ वर्षं तिच्यासोबत काढली, आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नाही. आईला काय काय येतं असं कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, उकडीचे मोदक, लोणची, शिवण, हिशेब. सगळ्या उपयोगाच्या गोष्टी.

तिने चार बोटं तोंडात घालून बघितली. कवळीमुळे नाही जमलं. कवळी काढून बघितली, तरी नाही. नुसती हवा गेली. ती हसली, पण मला नाही हसता आलं. तो आवाज मी कधीच ऐकणार नाही. आता कितीही उपयोगाचं काही दिलं तरी तो परत मिळायचा नाही.

म्हणून विनंती आहे. घरात, शेजारात कोणी येऊन म्हणालं की मला अमुक एक वेडगळ गोष्ट जमायला लागली, तर उपयोग विचारू नका. फायदेही सांगू नका. "दाखव बघू," एवढंच म्हणा. आणि आई-वडील हयात असतील तर त्यांना आजच विचारा, लहानपणी तुम्हाला काय यायचं म्हणून. दात आहेत तोवर विचारा.