कुटुंबवैद्य कोणाच्या दप्तरी?

इंग्लंडमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा स्थापन झाली, तेव्हा रुग्णालये सरकारजमा झाली. कुटुंबवैद्य मात्र सरकारी नोकर न होता, आपल्या यादीतील रुग्णांची जबाबदारी करारनाम्याने पत्करणारा स्वतंत्र व्यावसायिकच राहिला. आता ती व्यवस्था झपाट्याने पालटत आहे. लहान दवाखाने बंद पडत किंवा शेजारच्या मोठ्या दवाखान्यांत विलीन होत आहेत; २०१९ पासून साधारणतः तीस ते पन्नास हजार रुग्णांमागे एक, असे दवाखान्यांचे संघ उभे राहिले; आणि २०२१ साली लंडनमधील डझनावारी दवाखाने एका अमेरिकन विमाकंपनीच्या ताब्यात गेले व पुढे पुन्हा विकलेही गेले. या खरेदी-विक्रीत रुग्णांची संमती कोणी घेतली होती?

वेल्समधील कोळसाखाणींच्या खोऱ्यांत आणि उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांत, जेथे जाण्यास ब्रिटिश डॉक्टरच नाखूश असत, तेथे भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी, ज्यांत मुंबईत शिकलेलेही होते, पुष्कळदा एकट्याने दवाखाने चालवले. ती पिढी निवृत्त झाली; आणि इमारतीचे कर्ज, हिशेब व नोकरवर्ग यांचा बोजा एकट्याने शिरावर घेण्यास नवे डॉक्टर सहसा धजत नाहीत, याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. एकाच छपराखाली औषधतज्ज्ञ व भौतिकोपचारतज्ज्ञ मिळणे हीही रुग्णाची सोयच आहे.

माझा आक्षेप एकत्रीकरणाला नाही. त्यात रुग्णाचा विशिष्ट डॉक्टरवरील हक्क लोपतो, याला आहे. २००४ च्या करारापासून रुग्णाचे नाव डॉक्टरच्या नव्हे, तर दवाखान्याच्या यादीत नोंदले जाऊ लागले. पुढे प्रत्येक रुग्णामागे एका डॉक्टरचे नाव लिहिण्याचा नियम झाला खरा, परंतु तो बहुतांशी कागदावरच राहिला. याउलट नॉर्वेत २००१ पासून प्रत्येक रहिवाशास नेमका डॉक्टर मिळण्याचा हक्क आहे. आणि तेथील २०२१ च्या पाहणीत असे आढळले की, पंधरा वर्षांहून अधिक काळ एकाच डॉक्टरकडे असलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण, वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या मानाने, सुमारे पाव हिश्शाने कमी होते. अशा पाहणीने कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही, हे मान्य. तथापि एखाद्या औषधाविषयी असा आकडा हाती आला असता, तर कोणत्याही सरकारने तो बासनात बांधून ठेवला नसता.

रुग्ण किती वेळा आपल्याच डॉक्टरला भेटला, हे संगणकातील नोंदींवरून सहज मोजता येते. मग विलीनीकरणास मंजुरी देताना हे प्रमाण टिकवण्याची अट करारनाम्यात घालावी, दरसाल त्याचा तक्ता जाहीर करावा, आणि अट मोडणाऱ्या संस्थेच्या मोबदल्यात कपात करावी.