सवलतीच्या आडोशाला

शासनाने शिक्षणाचा एखादा नवा मसुदा प्रसिद्ध केला आणि नागरिकांच्या सूचना मागविल्या की आपल्या समाजात एकच प्रश्न विचारला जातो : 'अल्पसंख्याक शाळांना हे लागू आहे का?' लागू नाही असे कळले की आपण निर्धास्त होतो. लागू आहे असे कळले की वकील गाठतो. त्या मसुद्यात मुलांच्या हिताचे काय आहे आणि अहिताचे काय, हे वाचण्याची तसदी फार थोडे घेतात. आमचा आक्षेप आहे तो या सवयीला.

शिक्षक पात्रता परीक्षेचेच पाहा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याला अनुसरून 2010 साली पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी ही परीक्षा आवश्यक ठरली. महाराष्ट्रात ती 2013 पासून सुरू झाली. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही असा निर्णय दिला आणि आपण निश्चिंत झालो. मात्र 1 सप्टेंबर 2025 रोजी त्याच न्यायालयाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त केली आणि अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा म्हणून तो सरन्यायाधीशांकडे पाठविला. इतर शाळांतील ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे, त्यांना दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगण्यात आले. तेव्हापासून आपल्याकडे पुन्हा तीच कुजबुज : 'आपली सवलत राहील ना?'

ही परीक्षा निर्दोष आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. 2019-20 च्या परीक्षेतील गैरव्यवहारात 7,800 हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली आणि परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. वीस-पंचवीस वर्षे खडू हाती धरलेल्या शिक्षकाची योग्यता एका दुपारच्या प्रश्नपत्रिकेवर तोलणे हाही न्याय नव्हे. पण हे शासनाला लिहून कळवायचे कोणी? ज्याने सवलतीच्या आडोशाला बसायचे ठरविले, त्याच्या तक्रारीला वजन येत नाही.

संविधानाच्या तिसाव्या अनुच्छेदाने आपल्याला शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालविण्याचा हक्क दिला आहे. तो अमूल्य आहे आणि त्यावर घाला आला तर आम्हीही उभे राहू. परंतु 1958 साली केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालयानेच बजावले होते की, कारभाराचा हक्क म्हणजे गैरकारभाराचा हक्क नव्हे. आणि शासनाचे राहू द्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली ख्रिस्ती शिक्षणावरील आपल्या घोषणापत्रात काय मागितले? शिक्षक ऐहिक व धार्मिक ज्ञानात योग्य पात्रतेचे असावेत आणि अध्यापनकलेत निपुण असावेत. ज्या अटीतून आपण शासनाकडे सूट मागतो, तिचे तत्त्व ख्रिस्तसभेने आपल्याला साठ वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे!

नेमणुकीच्या वेळी नाते आणि ओळख पात्रतेच्या पुढे जाऊन बसतात, हे आपण सारे जाणतो. सवलत संस्थेला मिळते. तिची किंमत मोजते ते मूल. पैसेवाले पालक शिकवणी लावतात. शेतमजुराच्या नि कोळणीच्या लेकराला वर्गात जे मिळेल, तेवढेच मिळते.

कोणी म्हणेल, सूचना मागविणे हा शासनाचा निव्वळ उपचार असतो. यात तथ्य आहे. 2019 चा राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा मसुदा 484 पानांचा होता आणि तो आधी इंग्रजी-हिंदीतच आला. 2024 चा राज्य अभ्यासक्रम आराखडा ऐन मे महिन्यात, शाळांना सुटी असताना लोकांपुढे आला आणि सूचनांसाठी मोजकेच दिवस मिळाले. तरीही लोकमताला बळ नाही असे कसे म्हणावे? पहिलीपासून हिंदीचे एप्रिल व जून 2025 मधील शासन निर्णय मराठी जनतेने आवाज उठविल्यावर 29 जून 2025 रोजी मागे घेतले गेले. त्या आवाजात आपल्या धर्मग्रामांतून गेलेली पत्रे किती होती?

म्हणून आमचे सांगणे असे : न्यायालयाचा निकाल काहीही लागो, आपल्या शाळांनी पहिली ते आठवीसाठी नव्या नेमणुका पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांमधूनच कराव्यात. जुन्या शिक्षकांसाठी सुटीत प्रशिक्षण ठेवावे आणि त्यांची पारख प्रत्यक्ष वर्गातील अध्यापनावरून व्हावी अशी मागणी शासनाकडे करावी. प्रत्येक धर्मग्रामात पालक-शिक्षकांनी एकत्र बसून मसुदा वाचावा आणि मराठीतून, सहीनिशी सूचना पाठवाव्यात. मसुदा मराठीतून मिळावा, वाचायला किमान दोन महिने असावेत, आणि सूचना नाकारल्यास कारण कळावे, हेही ठणकावून मागावे.

शुभवर्तमानातील त्या चाकराने धन्याचा तालांत गमावला नव्हता; तो सुखरूप राहावा म्हणून जमिनीत पुरला होता. तरीही धन्याने त्याला दोषी ठरविले. तिसाव्या अनुच्छेदाने दिलेला हक्क आपण असाच पुरून ठेवला, तर हिशेबाच्या दिवशी 'आम्ही तो जपला होता' एवढे उत्तर पुरणार नाही.