थंडी वाढतेय, टायरची हवा आजच तपासा!

केनवड व पंचक्रोशीतील सर्व वाहनधारक बंधू-भगिनींनो,

थंडी सुरू झाली की गावात एकच तक्रार कानी येते, "गाडी अ‍ॅव्हरेज देईना." मग कुणी पेट्रोलपंपावर संशय घेतो, कुणी चांगलं चालणारं इंजिन खोलायला लावतो. हात जोडून विनंती आहे, खर्चात पडण्याआधी टायरची हवा बघा.

तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब सुमारे एक पीएसआयने घटतो. ऑक्टोबरच्या उन्हात 33 पीएसआय भरलेली हवा डिसेंबरच्या 10-12 अंशांच्या सकाळी 30 च्याही खाली येते. त्यात महिन्याकाठी थोडी हवा आपोआपच कमी होते, ती वेगळीच. असा टायर रस्त्यावर जास्त पसरतो, जास्त दबतो आणि त्याला फिरवायला इंजिनाला जादा तेल जाळावं लागतं.

थंडीची आणखीही कारणं आहेत. इंजिन ऑइल घट्ट होतं. इंजिन गरम होईपर्यंत त्याला पेट्रोल जास्त लागतं. शेतापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत ते धड तापतही नाही. थंड हवा जड असल्यामुळे वेगात गाडीला विरोधही वाढतो. अमेरिकेत शून्याखाली सात अंशांवर शहरातल्या पेट्रोल गाड्यांचं अ‍ॅव्हरेज साधारण 15 टक्क्यांनी घटतं, असं तिथलं सरकारी मोजमाप सांगतं. आपली थंडी तेवढी कडक नाही, म्हणून फटकाही कमी. पण कारणं तीच, आणि पैसा आपल्याच खिशातला.

तरुण मित्रांनो, तुम्हाला खास सांगणं आहे. दिसायला भारी म्हणून रुंद, जड टायर बसवू नका. जड चाकाला प्रत्येक वेळी वेग द्यायला जास्त जोर लागतो. शिवाय टायरचा घेर तीन टक्क्यांनी वाढला, तर गाडी 103 किलोमीटर पळूनही मीटर 100 च दाखवतो. म्हणजे तेल खरंच जास्त जातं आणि हिशेबात त्याहूनही जास्त गेल्यासारखं दिसतं. कंपनीने दिलेलाच आकार ठेवा.

प्रश्न फक्त पैशाचा नाही. समृद्धी महामार्ग आपल्या वाशिम जिल्ह्यातून जातो आणि तिथे कारला ताशी 120 किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. कमी हवेचा टायर त्या वेगात सतत दबून तापतो आणि फुटू शकतो. आत आपलीच लेकरं बसलेली असतात.

म्हणून कळकळीचं आवाहन:

• हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. पळून तापलेल्या टायरचा काटा जास्त दाखवतो. तो पाहून हवा सोडू नका.
• कारचा योग्य दाब चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो, दुचाकीचा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत. त्याप्रमाणेच भरा. पंपावर हवा मोफत मिळणं हा आपला हक्क आहे.
• गाडी उभी ठेवून तापवत बसू नका. अर्धा-एक मिनिट पुरे. मग पहिले काही किलोमीटर सावकाश चालवा. जुन्या गाडीचा चोक वेळेवर बंद करा.
• दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत उरका.
• ट्रॅक्टरवाल्या बांधवांनो, नांगरणीसाठी चाकांना लावलेली वजनं तूर, सोयाबीन बाजारात नेताना गरज नसेल तर काढून ठेवा.

प्रत्येक गल्लीने वर्गणी काढून हवेचा एक काटा आणि एक पायपंप घ्यावा. ज्याला दाब बघता येतो, त्याने शेजारच्या म्हाताऱ्या काकांच्या आणि शाळेत स्कूटीवर जाणाऱ्या ताईंच्या गाडीचाही बघावा. उद्या सकाळी किक मारण्याआधी दोन मिनिटं काढा. एवढंच मागणं आहे.

आपल्यातलाच एक वाहनधारक,
केनवड, ता. रिसोड, जि. वाशिम